फुलांच्या दरीचे खरे तिकीट

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात सहलीचा बेत ठरतो तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर. कोठे जावयाचे हा प्रश्न पुढचा. मुलांच्या परीक्षा कधी संपतात, कचेरीतून रजा किती मिळेल, रेल्वेचे आरक्षण कोणत्या तारखेला उघडते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना कितपत चढ सोसवेल, या चार प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली, की मगच नकाशा उघडला जातो. या साध्या घरगुती हिशेबात अर्थशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला असतो. जी गोष्ट सर्वांची आहे, पण सर्वांना एकाच वेळी पुरणारी नाही, तिची वाटणी कोणत्या न्यायाने करावयाची, हा तो प्रश्न होय. हिमालयातील एखाद्या राष्ट्रीय उद्यानाचा बेत आखू लागले, की हा प्रश्न क्रमिक पुस्तकातून उठून थेट बैठकीच्या खोलीत येतो.

उदाहरणादाखल साताऱ्यातील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील महाविद्यालयात शिकवतात, आई एका कचेरीत लिपिक आहे, दोन मुले शाळेत आहेत आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत. पावसाळा ओसरता ओसरता कासच्या पठारावर एक फेरी या घरात ठरलेली. तेथला तेरडा पाहताना थोरल्या मुलीने एके वर्षी विचारले, “बाबा, हिमालयातही असंच फुलांचं एक रान आहे ना?” आणि त्या दिवसापासून ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हा विषय त्या घरात शिरला. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत तो याच रीतीने शिरत असेल.

ही फुलांची दरी उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या काठाने पसरली आहे. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतत असलेला फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक या दरीत उतरला. १९३७ साली तो तेथे पुन्हा आला आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाने दरीचे नाव सर्वदूर पोहोचवले. भ्यूंडार खोऱ्यातील मेंढपाळांना ती त्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, हे निराळे सांगावयास नको. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ साली नंदादेवी उद्यानाच्या जोडीने जागतिक वारसा म्हणून तिला मान्यता मिळाली. उद्यानाचे क्षेत्र अवघे साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर आहे आणि त्यातही बर्फ व कडे वजा केले, तर फुलांचा आणि माणसांच्या पावलांचा वाटा फारच थोडा. तेवढ्या जागेत सपुष्प वनस्पतींच्या पाचशेहून अधिक जाती नांदतात. कासच्या तेरड्याची उंच, गुलाबी भावंडेही त्यांत आहेत.

दिनदर्शिकेचा अडसर

दरीचा दरवाजा दरवर्षी १ जूनला उघडतो आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतो. जूनच्या आरंभी वाटेवर बर्फ असते. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, फार तर ऑगस्ट अखेरपर्यंत. सप्टेंबरात पाने पिवळी पडू लागतात व झाडे बी धरतात. आता ही पंचवीस-तीस दिवसांची चौकट महाराष्ट्राच्या शालेय वर्षावर ठेवून पाहावी. मे महिन्याची लांब सुटी चालू असते, तेव्हा दरीला कुलूप असते. दिवाळीची सुटी येते, तेव्हा बहर संपून गेलेला असतो आणि कुलूप पुन्हा लागण्याच्या बेतात असते किंवा लागलेले असते. बहराच्या ऐन दिवसांत शाळेत पहिल्या घटक चाचणीची तयारी चालते, महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल असते आणि कचेरीत पावसाळी अधिवेशनाची उत्तरे तयार होत असतात. निसर्गाने फुलांसाठी निवडलेला महिना आणि शिक्षणखात्याने सुटीसाठी निवडलेला महिना यांची गाठ कोठेच पडत नाही.

दिवसांचा हिशेब मांडला, तर अडचण अधिक स्पष्ट होते. मुंबईहून रेल्वेने हरिद्वार गाठण्यात जाऊन-येऊन तीन-चार दिवस जातात. ऋषिकेशपासून गोविंदघाट सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. डोंगरी रस्ता, त्यात पावसाळा आणि रात्री वाहतुकीला बंदी. तेव्हा प्रत्येक दिशेला दीड-दोन दिवस धरावे लागतात. वाटेत जोशीमठ लागते. २०२३ च्या जानेवारीत ज्याच्या घरांना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले, तेच हे गाव. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव ज्योतिर्मठ असे झाले आहे. गोविंदघाटापासून पुलन्यापर्यंत मोटार जाते. पुढे घांघरियापर्यंत दहा किलोमीटरांची चढण पायी किंवा खेचरावर. दरीत मुक्कामाला परवानगी नाही; सकाळी आत जावयाचे आणि संध्याकाळपूर्वी घांघरियाला परतावयाचे. दरड कोसळून रस्ता अडला तर म्हणून एक-दोन दिवस हाताशी ठेवलेच पाहिजेत. सगळी बेरीज केली, की दरीतील एका दिवसासाठी दहा-बारा दिवसांची रजा पडते.

ही रजा कोणाला परवडते? किरकोळ रजेत ती बसत नाही. दीर्घ सुटीचा लाभ असलेल्या शिक्षकाच्या खाती अर्जित रजा फारशी साठत नाही, कारण त्याची विश्रांती मे महिन्यातच झाली असे शासन मानते. केंद्र सरकारच्या नोकराला चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्यासाठी प्रवास सवलत मिळते; राज्य शासनाच्या नोकराची तशी सवलत ‘महाराष्ट्र दर्शना’पाशी थांबते. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे जुलै अखेरच्या प्रवासाचे तिकीट मे अखेरीस मिळणार आणि रजेचा अर्ज मात्र त्याच्या कितीतरी आधी साहेबांच्या टेबलावर ठेवावा लागणार. साताऱ्याच्या त्या घरात आई म्हणाली, “अहो, फुलं बघायला जायचं तर आधी दोघांच्याही साहेबांना सांभाळावं लागेल,” यात विनोदापेक्षा वस्तुस्थितीच अधिक आहे.

श्रमाचे तिकीट

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच विद्यार्थ्याला शिकवले जाते, की वस्तूची किंमत म्हणजे केवळ तिच्यासाठी मोजलेले पैसे नव्हेत. तिच्यासाठी गमावलेला वेळ, घेतलेले श्रम आणि सोडून दिलेल्या इतर गोष्टी, हेही तिच्या किमतीत धरावे लागते. फुलांच्या दरीचे प्रवेशशुल्क रेल्वेभाड्यापुढे नगण्य आहे. तिचे खरे तिकीट म्हणजे दहा-बारा दिवसांची रजा आणि दहा किलोमीटरांची चढण. हे तिकीट कोणत्याही खिडकीवर मिळत नाही, ते पायांनी फाडावे लागते. अलीकडच्या चांगल्या हंगामांतही दरीत जाणाऱ्यांची संख्या वर्षाला वीस हजारांच्या आसपास राहिली, याचे मुख्य कारण हेच होय. कोणत्याही वनाधिकाऱ्याने आखलेल्या नियमापेक्षा त्या चढणीने दरीचे अधिक रक्षण केले.

हे तिकीट सर्वस्वी न्याय्य होते, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याला घांघरियापर्यंत हेलिकॉप्टर मिळते. ज्याच्यापाशी थोडा पैसा आहे, तो खेचर करतो किंवा पाठीवरच्या कंडीत बसून जातो; त्या कंडीखाली वाकलेला मजूर बहुधा नेपाळातून आलेला असतो. साताऱ्याच्या आजींना यातले हेलिकॉप्टर परवडत नाही आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसणे मनाला रुचत नाही. श्रमाने होणारी वाटणी तरुण आणि धडधाकट माणसाला झुकते माप देते, हा तिचा दोष आहे. परंतु तिचा एक गुणही आहे. सातारचा लिपिक आणि मुंबईचा उद्योगपती त्या वाटेवर बहुतांशी सारखाच दमतो.

अकरा हजारांचा पाळणा

ही व्यवस्था आता बदलू घातली आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड साहिब या १२.४ किलोमीटर लांबीच्या रोपवेला मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च २,७३० कोटी रुपयांहून थोडा अधिक आहे. गोविंदघाट ते घांघरिया हा पहिला टप्पा साडेदहा किलोमीटरांचा, तर घांघरिया ते हेमकुंड हा दुसरा टप्पा पावणेदोन किलोमीटरांहून थोडा मोठा. ताशी एका दिशेने ११०० आणि दिवसाला ११ हजार प्रवासी नेण्याची त्याची क्षमता राहील. घांघरिया हे हेमकुंडाच्या वाटेवरचे ठाणे आहे, तसेच ते फुलांच्या दरीचेही दार आहे; दोन्ही वाटा तेथूनच फुटतात. म्हणजे जी चढण दरीचे तिकीट होती, नेमकी तीच रद्द होणार आहे.

या योजनेला सरसकट विरोध करणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. हेमकुंड साहिब हे शीख बांधवांचे श्रद्धास्थान असून वर्षातून पाचेक महिने खुले असते आणि दीड ते दोन लाख भाविक तेथे जातात. त्यांत वृद्ध असतात, आजारी असतात. चौदा हजार फुटांवरील त्या सरोवराचे दर्शन केवळ तरुणांनाच व्हावे, असे कोणता न्याय सांगतो? महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. १९९६ साली रायगडाला रोपवे झाला आणि ज्या आजी-आजोबांनी महाराजांची समाधी केवळ चित्रात पाहिली होती, ते काही मिनिटांत गडावर पोहोचू लागले. साताऱ्याच्या आजीही त्यांतल्याच एक. पाळण्यातून उतरल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे घरात सर्वांना आठवते. तेव्हा रोपवे म्हणजे केवळ चंगळ, असे म्हणणाऱ्याने आधी आजींना उत्तर द्यावे. खेचरांचे हाल आणि त्यांच्या लिदीने होणारी घाण कमी होईल, हाही लाभ आहेच.

प्रश्न रोपवे असावा की नसावा एवढाच नाही. वाहून नेण्याची शक्ती आणि सामावून घेण्याची शक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे विसरले जात आहे. पाच महिन्यांचे दीडशे दिवस धरले आणि दिवसाला अकरा हजारांनी गुणले, तर हंगामाची क्षमता साडेसोळा लाख होते. आज येणाऱ्या भाविकांच्या ती आठपट ते अकरापट आहे. हवामान आणि दुरुस्तीसाठी निम्मे दिवस वजा केले, तरी ती चौपटीखाली येत नाही. ही योजना खाजगी भागीदारीतून व्हावयाची आहे. बांधणाराच ती चालवणार आणि उत्पन्नातून आपले भांडवल वसूल करणार. ज्याने एवढे भांडवल गुंतवले, त्याला रिकामा पाळणा म्हणजे तोटा. तो पाळणे भरण्याचा प्रयत्न करील, आणि त्याने तो करू नये अशी अपेक्षा धरणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. तीर्थयात्रेला ‘एका दिवसात दोन स्थळे’ अशी जोड देण्याचा मोह त्याला होणार, हे भाकीत करावयास ज्योतिषी लागत नाही.

आता दरीचे गणित पाहावे. रोज येणाऱ्या अकरा हजारांपैकी दहांतील एकानेच दरीकडे पावले वळवली, असे क्षणभर गृहीत धरू. हंगामातील साठ दिवसांत ती संख्या ६६ हजार होते. आजच्या चांगल्या हंगामाच्या तिपटीहून अधिक. पूर्ण क्षमतेने चाललेला रोपवे दोन दिवसांत जेवढी माणसे घांघरियात आणून सोडील, तेवढी आज दरी एका अख्ख्या हंगामात पाहते. दरीतील वाट अरुंद आहे. समोरून माणूस आला, की एकाला वाटेबाहेर पाय ठेवावा लागतो आणि तो पाय फुलावर पडतो. कोणीही फूल तोडावयास गेलेला नसतो. तरीही हंगाम संपताना वाट दोन हातांनी रुंद झालेली असते. प्रत्येकाचे नुकसान क्षुल्लक आणि सर्वांचे मिळून भरून न येणारे, अशी ही जुनीच कहाणी आहे.

आणि हे सारे कोणत्या भूमीवर? जून २०१३ च्या महापुरात याच लक्ष्मणगंगेने भ्यूंडार गावाची वाताहत केली, गोविंदघाटाचे मोठे नुकसान केले आणि त्या हंगामात दरीचा रस्ताच तुटला. रोपवेला मंजुरी मिळाली त्या मार्च २०२५ मध्येच डोंगरावरून दरड कोसळून गोविंदघाटाचा अलकनंदेवरील पूल मोडला. डोंगराने दिलेली ही सूचना नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

वाटणीचे चार मार्ग

दुर्मीळ वस्तूची वाटणी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग बंदीचा. फुलांच्या दरीशेजारच्या नंदादेवी अभयारण्यात तो अवलंबला गेला. १९७४ साली ते गिर्यारोहकांना खुले झाले. आठ-नऊ वर्षांतच मोहिमांनी तेथे एवढा कचरा आणि लाकूडतोड केली, की १९८० च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा बंद करावे लागले. बंदीने झाडे वाचली. पण लाटा, रेणी यांसारख्या गावांतील वाटाड्यांचा आणि हमालांचा रोजगार बुडाला. याच रेणीच्या स्त्रियांनी १९७४ साली गौरादेवींच्या नेतृत्वाखाली झाडांना कवटाळून जंगल वाचवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गातील अन्याय अधिकच बोचतो. ज्यांनी राखले, त्यांनाच दाराबाहेर उभे केले.

दुसरा मार्ग किमतीचा. भूतानने तो स्वीकारला. तेथे परदेशी प्रवाशाला दर रात्रीमागे विकासशुल्क भरावे लागते. २०२२ साली ते २०० डॉलर झाले आणि २०२३ मध्ये १०० डॉलरवर आणले गेले. भारतीयांना ते १,२०० रुपये आहे. या मार्गाने गर्दी आटोक्यात राहते आणि तिजोरीत पैसाही येतो. परदेशी पाहुण्याकडून तो घेण्यात फारसे गैर नाही. पण स्वतःच्या देशातील राष्ट्रीय उद्यानाला हा न्याय लावला, तर ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थच बदलतो. चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला पाच हजारांचे शुल्क लागू झाले, तर दरी फुलांचीच राहील. मात्र शिक्षकांची आणि लिपिकांची राहणार नाही. ज्यांच्या करातून तिचे रक्षक पगार घेतात, त्यांनी तिची छायाचित्रे पाहून समाधान मानावयाचे, हा व्यवहार लोकशाहीत शोभत नाही.

तिसरा मार्ग रांगेचा. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम वरवर समतेचा वाटतो. कासच्या पठारावर गर्दी हाताबाहेर गेल्यावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी सुरू झाली, आणि ती योग्यच होती. मात्र नोंदणीची खिडकी उघडताच पहिल्या काही मिनिटांत ती कोणाच्या हाती जाते, हे तत्काळ तिकिटासाठी सकाळी डोळे चोळीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रवासी कंपन्यांचे हात वेगवान असतात; वर्गात शिकवत असलेल्या माणसाचे नसतात.

चौथा मार्ग सोडतीचा. अमेरिकेतील योसेमिटी या डोंगरी राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाचा प्रचंड सुळका आहे. शेवटच्या चढणीला लोखंडी दोरांचा आधार घ्यावा लागतो आणि तेथे माणसांची चेंगराचेंगरी होऊ लागली. तेव्हा दिवसाला सुमारे तीनशे माणसांची मर्यादा घालण्यात आली आणि परवाने सोडतीने देण्याची पद्धत सुरू झाली. हंगामापूर्वीची मुख्य सोडत मार्चमध्ये होते. शिवाय काही परवाने अगदी आयत्या वेळच्या सोडतीसाठी राखलेले असतात. श्रीमंताची आणि सामान्याची चिठ्ठी तेथे एकाच पेटीत पडते. सोडत म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हाडाच्या घरांसाठी ती होते आणि नाव न लागलेला माणूस हळहळतो; पण माझ्या खिशाकडे पाहून मला डावलले, असे त्याला म्हणता येत नाही.

काय करावे

यातून निघणारा मार्ग फारसा गूढ नाही. रोपवे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे त्याची बांधणी चालू असतानाच, फुलांच्या दरीत एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसे जाऊ शकतात याची मर्यादा वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पाहणीवरून ठरवली जावी आणि ती कायद्याने बांधली जावी. ती संख्या रोपवेच्या क्षमतेवरून मागे मोजत आणलेली नसावी, दरीच्या मातीवरून ठरलेली असावी. घांघरियाच्या स्थानकावर किती माणसे उतरतात, याचा दरीच्या दाराशी संबंध राहू नये. प्रवेशशुल्क आजच्यासारखेच माफक असावे. बहुतेक परवाने हंगामापूर्वी, मार्चमध्येच, सोडतीने दिले जावेत. जुलैची तारीख मार्चमध्ये हाती असेल, तर शिक्षकाला रजेचा अर्ज वेळेवर करता येईल, लिपिकाला कामाची अदलाबदल ठरवता येईल आणि रेल्वेचे आरक्षण मेमध्ये उघडेपर्यंत घर तयार असेल. पायी चढून येणाऱ्यांसाठी आणि वृद्धांसाठी थोडा वाटा निराळा राखला, तर जुन्या तिकिटाचा मान आणि नव्या सोयीचा न्याय, दोन्ही सांभाळले जातील.

दुसरी गोष्ट खोऱ्यातील माणसांची. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर भ्यूंडारच्या लोकांची दरीतली चराई बंद झाली. चराई थांबल्यानंतर अमेला नावाची उंच वाढणारी वनस्पती फोफावली आणि ती लहान फुलझाडांना झाकोळू लागली. चराईबंदी हेच त्याचे कारण का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते काही असो, फुलांसाठी पहिला त्याग कोणी केला असेल, तर तो या मेंढपाळांनी. पुढे खेचरे, कंड्या आणि घांघरियातील खानावळी यांवर त्यांनी संसार उभे केले. रोपवे तो आधारही काढून घेणार असेल, तर त्याच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा पुलना आणि भ्यूंडारच्या ग्रामसभांकडे दरवर्षी हक्काने गेला पाहिजे. तो उपकार ठरू नये. ते त्यांच्या गमावलेल्या रोजीचे मोल होय.

तिसरी गोष्ट घराघरांची. सोडतीत नाव लागले नाही, तर त्या वर्षी न जाण्याची तयारी हवी. मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर कुलूपबंद दरीच्या नावाने हळहळण्यापेक्षा हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचा विचार करावा. २०१४ साली जागतिक वारसा ठरलेल्या या उद्यानात मोटाररस्ता नाही, आणि त्याच्या वेशीवरील तीर्थन खोऱ्यात मे महिन्यात हवा चांगली असते. पाच दिवसांत पाच स्थळे उरकण्यापेक्षा एकाच खोऱ्यात चार रात्री राहावे, गावातल्या घरी उतरावे, तेथलेच जेवावे आणि तेथलाच वाटाड्या घ्यावा. म्हणजे सहलीवर खर्च झालेला रुपया त्या डोंगरातच थोडा काळ फिरतो. राज्य शासनानेही शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना दर चार वर्षांतून एकदा, सुटीच्या काळाबाहेर, दहा दिवसांची प्रवासरजा देण्याचा विचार करावा. सारा महाराष्ट्र मे महिन्यातच घराबाहेर पडतो आणि मग सर्वच डोंगरांवर गर्दी होते. या गर्दीला डोंगर जबाबदार नाहीत, दिनदर्शिका जबाबदार आहे.

साताऱ्याच्या त्या घरात बेत अजून ठरलेला नाही. मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जुलैच्या अखेरच्या आठवड्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “रोपवे होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही चालत जाऊन या. मी मागाहून पाळण्यातून येईन, तोवर तिथली फुलं तेवढी शिल्लक ठेवा म्हणजे झालं.” तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी मराठीत म्हण आहे. ती क्षणभंगुर गोष्टींना उद्देशून आहे हे खरे; पण त्या तीन दिवसांसाठी तेरडा पुढच्या वर्षीही उगवणार, हा भरवसा त्या म्हणीत गृहीत धरलेला आहे. तो भरवसा पुढच्या पिढीलाही देता यावा, एवढ्याचसाठी दरीचे नवे तिकीट रोपवेचा पहिला पाळणा सुटण्यापूर्वी ठरले पाहिजे.